जुन्या कार्ट रेसिंग इंजिनाची किंमत कशी ठरवावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतातील राष्ट्रीय कार्टिंग (छोट्या, उघड्या रेसिंग गाड्यांची) स्पर्धा अनेक वर्षे रोटॅक्स मॅक्स या १२५ सीसी, टू-स्ट्रोक, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनावर धावत आली आहे. त्यामुळे कोल्हापूरचा मोहितेंचा ट्रॅक असो किंवा बेंगळुरूचा मेको कार्टोपिया, तिथल्या पॅडॉकमध्ये (संघांच्या तळावर) जुन्या इंजिनाचा व्यवहार होतो तेव्हा तो बहुतेक वेळा याच इंजिनाचा असतो. म्हणून पुढील उत्तरांत रोटॅक्स मॅक्स मध्यवर्ती ठेवले असून आयामे एक्स-३० व यामाहा केटी-१०० ही दुसरी रेसिंग इंजिने आणि भाड्याच्या कार्टवरील होंडा यांचा उल्लेख गरजेपुरता केला आहे.

जुन्या इंजिनाची किंमत नेमकी कशाची असते?

ती तीन गोष्टींची असते. पहिली, पुढच्या ओव्हरहॉलपर्यंत (इंजिन उघडून झिजलेले भाग बदलण्यापर्यंत) इंजिनात शिल्लक राहिलेले तास. दुसरी, ज्या वर्गात, म्हणजे स्पर्धेच्या ज्या गटात, आपल्याला धावायचे आहे त्या वर्गाच्या नियमांत ते इंजिन आज बसते की नाही. तिसरी, या दोन्ही गोष्टी कागदावर सिद्ध करता येतात की नाही. बाहेरून चकचकीत असलेले क्रँककेस (इंजिनाचे खालचे कवच), नवे स्टिकर किंवा मागच्या हंगामात मिळालेला चषक यांपैकी कशानेही कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचे आयुष्य वाढत नाही. मोटारीचे इंजिन वर्षांनी जुने होते, कार्टचे तासांनी. दोन वर्षांपूर्वी घेतलेले पण दर शनिवार-रविवार सरावात पिळलेले इंजिन सात वर्षे जुन्या पण कमी वापरलेल्या इंजिनापेक्षा अधिक थकलेले असू शकते.

रोटॅक्सवरील क्रमांकाच्या मोहरेला एवढे महत्त्व का दिले जाते?

रोटॅक्स मॅक्सच्या स्पर्धा सीलबंद इंजिनांवर होतात. अधिकृत सेवा केंद्र इंजिन तपासते आणि इनटेक फ्लँजचा एक स्क्रू, सिलिंडरचा एक स्टड व हेड कव्हरचा एक स्क्रू यांतून तार ओवून तिला क्रमांक असलेली मोहर लावते. ही मोहर न तोडता सिलिंडर उघडता येत नाही. मोहरेचा क्रमांक, क्रँककेसवर ठोकलेला इंजिन क्रमांक आणि इंजिनाच्या ओळखपत्रातील नोंद हे तिन्ही जुळले, तरच या इंजिनाच्या आत नियमबाह्य काही नाही असे म्हणायला आधार मिळतो.

मोहर मात्र इंजिनाच्या ताजेपणाची हमी देत नाही, आणि मुलासाठी इंजिन घेणारे नवे पालक नेमके इथेच फसतात. ती लावली गेली त्या दिवशी इंजिन नियमांच्या मर्यादेत होते, एवढेच तिच्यावरून कळते. त्यानंतर ते पाच तास चालले की साठ, याची नोंद मोहरेत नसते. म्हणून मोहरेची तारीख पाहावी, त्या वेळी कोणते भाग बदलले होते हे सेवा केंद्राच्या बिलावरून पाहावे आणि शक्य असल्यास त्या केंद्राला स्वतः दूरध्वनी करून इंजिन क्रमांक सांगून विचारावे. प्रामाणिक विक्रेत्याला या चौकशीचे वाईट वाटत नाही. क्रँककेसवरील क्रमांकाभोवती घासल्याच्या किंवा पॉलिशच्या खुणा दिसल्या, तर किंमत कितीही आकर्षक असली तरी तो व्यवहार तिथेच थांबवावा.

मोहर तुटलेली असेल, तर इंजिन निरुपयोगी होत नाही, पण ते उघडून, मोजून, पुन्हा सीलबंद करण्याचा सगळा खर्च आणि त्यात निघू शकणाऱ्या दोषांची जोखीम खरेदीदाराच्या माथी येते. हा खर्च किमतीतून पूर्ण वजा झाला पाहिजे.

विक्रेता सांगतो ते तास खरे मानावेत का?

पुरावा असेल तरच. मायक्रॉन किंवा अल्फानोसारख्या, स्टीअरिंगवर बसवायच्या घड्याळांत इंजिनाचे तास नोंदले जातात, परंतु ती नोंद शून्यावर आणता येते आणि एकच घड्याळ दोन इंजिनांवर वापरले जाते. त्यामुळे घड्याळातील आकड्यापेक्षा लिहून ठेवलेली वही अधिक विश्वासार्ह ठरते, कारण तारखा, ट्रॅक, कार्ब्युरेटरचे जेट, स्पार्क प्लग आणि प्रत्येक सत्राची मिनिटे अशा नोंदी असलेली वही व्यवहाराच्या आदल्या रात्री बनवता येत नाही.

वहीसुद्धा नसेल, तर अंदाज बांधता येतो. किती शर्यतींत भाग घेतला, शर्यतीच्या आठवड्यात किती सत्रे झाली, मधल्या काळात आठवड्याला किती सराव झाला, हे वेगवेगळे विचारावे आणि मग स्वतः बेरीज करावी. "फार चाललेले नाही" या उत्तराची बेरीज बहुधा मोठी निघते. एखादी रेसिंग टीम तेच इंजिन हंगामाच्या दिवसांत भाड्याने देत असेल, तर ते किती चालकांच्या हातून गेले, हा प्रश्नही विचारला पाहिजे.

रोटॅक्सचे संपूर्ण ओव्हरहॉल, म्हणजे क्रँकशाफ्टचे काम, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग आणि ऑइल सील, साधारण ५० तासांच्या आसपास करण्याची रीत आहे. स्पर्धेत पुढे राहणारे चालक पिस्टन आणि रिंग त्याच्या बऱ्याच आधी बदलतात. जिथे तास सिद्धच होत नाहीत, तिथे ओव्हरहॉल आजच करायचे आहे असे धरून हिशोब मांडावा. विक्रेत्यावर त्यात अन्याय होत नाही. नोंद ठेवणाऱ्याला तिचा मोबदला मिळावा आणि न ठेवणाऱ्याला मिळू नये, एवढेच त्यातून साधते.

मोहर न तोडता इंजिनाच्या आत काय पाहता येते?

जेवढे वाटते त्यापेक्षा पुष्कळ. दिवसाउजेडी, इंजिन थंड असताना, घाई न करता पाहणी करावी आणि इंजिन आपण पोहोचण्याआधी गरम करून ठेवलेले नसावे, अशी अट आधीच घालावी.

सुरुवात सायलेन्सरकडच्या बाजूने करावी. एक्झॉस्ट सॉकेट काढले की पोर्टमधून पिस्टनची एक बाजू, रिंग आणि सिलिंडरची समोरची भिंत दिसते. क्लचकडून क्रँक हाताने हळूहळू फिरवत टॉर्चने पाहावे. पिस्टनवर उभे ओरखडे असतील, तर इंजिन कधीतरी जाम होण्याच्या बेतात आलेले असते. रिंगच्या खाली तपकिरी-काळा डाग खोलवर उतरलेला असेल, तर जळालेला वायू रिंग ओलांडून खाली जात आहे, म्हणजे पिस्टन-रिंगचे आयुष्य संपत आले आहे. सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या (भिंत बारीक घासण्याच्या) तिरक्या रेषा दिसत असतील तर ते चांगले लक्षण आहे. त्या पुसून भिंत आरशासारखी झाली असेल, तर ती झिजली आहे.

प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा सोडून पिस्टनचा माथा पाहता येतो. कडेला टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसले, तर इंजिन डेटोनेशनमध्ये (इंधन नीट न जळता स्फोटासारखे पेटत असताना) चालवले गेले आहे. असे इंजिन आज नीट धावले तरी त्याच्या बेअरिंगने मार खाल्लेला असतो. याच भोकातून कथिलाची तार आत सरकवून, क्रँक फिरवून ती दाबून घेतली आणि दाबलेले टोक मोजले की स्क्विश गॅप (पिस्टन सर्वांत वर असताना त्याच्या आणि हेडच्या मधली फट) कळते, जिची किमान मर्यादा प्रत्येक वर्गाच्या नियमांत दिलेली असते.

कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाच्या बेअरिंगसाठी कान आणि हात दोन्ही लागतात. पिस्टन वरच्या टोकाच्या थोडा अलीकडे आणून, प्लगच्या भोकातून लाकडी काडीने त्याला धरून ठेवत क्लच किंचित पुढे-मागे हलवावा. हालचाल लगेच पिस्टनपर्यंत पोहोचली पाहिजे. मध्ये रिकामा टप्पा जाणवला किंवा हलका ठोका ऐकू आला, तर ओव्हरहॉल पुढे ढकलता येणार नाही. या बेअरिंगने शर्यतीत दगा दिला, तर रॉड, पिस्टन, सिलिंडर आणि कधी कधी क्रँककेस हे सगळे एकदमच जाते.

कार्ब्युरेटर काढल्यावर रीडच्या (हवा-इंधन आत सोडणाऱ्या एकमार्गी झडपेच्या) पाकळ्या दिसतात. त्यांच्या कडा विसविशीत झाल्या असतील किंवा पाकळी बैठकीपासून उचललेली असेल, तर त्या बदलाव्या लागतील. हा खर्च लहान आहे. बॅलन्स शाफ्टच्या (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याच्या) गिअरांसाठीचे तेल मात्र पाहायलाच हवे आणि ते पाहणारे खरेदीदार थोडे असतात. त्या कप्प्याचा ड्रेन प्लग उघडून थोडे तेल बशीत काढावे. त्यात धातूचे कण असतील तर गिअर किंवा बेअरिंग झिजत आहे. तेल दुधाळ असेल तर पाण्याच्या पंपाचे सील गळत आहे. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल तर क्रँकशाफ्टचे ऑइल सील गेले आहे, आणि त्याच वाटेने हवा खेचली गेल्यामुळे इंजिन कमी इंधनावर चालून पिस्टन जळण्याचा धोका असतो.

शेवटी बाहेरचे धातुकाम पाहावे. इंजिन बसवण्याच्या भोकांतील आटे, प्लगचे आटे, खालच्या बाजूला ट्रॅकच्या कडेच्या कर्बवर घासल्याच्या खुणा आणि साखळी तुटून क्रँककेसला बसलेला फटका, हे सगळे तपासावे. वेल्डिंग केलेले क्रँककेस किती स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॉम्प्रेशन गेजचा आकडा निर्णायक मानावा का?

नाही. गेजच्या नळीची लांबी, बॅटरीची ताकद आणि इंजिनाचे तापमान यांवर तो आकडा बदलतो. एकाच गेजने, एकाच बॅटरीवर दोन इंजिने मोजली तरच तुलना अर्थपूर्ण होते. एक्झॉस्ट आणि इनटेक बंद करून हलका हवेचा दाब भरून तो टिकतो का हे पाहण्याची चाचणी अधिक उपयोगी आहे, कारण ऑइल सील आणि गॅस्केटची गळती तिच्यात लगेच उघडी पडते.

सिलिंडर झिजला असेल तर बोअरिंग (आतून कापून मोठा करणे) करून चालेल का?

या प्रश्नाचे उत्तर इंजिनाप्रमाणे बदलते आणि किमतीतला सर्वांत मोठा फरकही इथेच पडतो.

रोटॅक्स मॅक्सचा सिलिंडर ॲल्युमिनिअमचा असून त्याच्या आतील भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा अतिशय कठीण थर असतो. बोअर (सिलिंडरचा आतील व्यास) ५४ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५४.५ मिलिमीटर, म्हणजे क्षमता सुमारे १२४.८ सीसी. हा थर झिजला किंवा सोलला तर बोअरिंग करता येत नाही, आणि नव्याने थर चढवून घेण्यास नियम परवानगी देत नाहीत. सेवा केंद्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने मोठा पिस्टन निवडून सिलिंडरचे आयुष्य काही काळ वाढवू शकते, पण उपलब्ध पिस्टनांतला सर्वांत मोठा एकदा बसला की पुढची पायरी थेट नवा सिलिंडर हीच असते. म्हणून सध्या कोणत्या मापाचा पिस्टन बसवला आहे, हा प्रश्न रोटॅक्सच्या विक्रेत्याला विचारल्याशिवाय राहू नये.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनकामात मुरलेले हात आहेत आणि लोखंडी लाइनरचे बोअरिंग-होनिंग तिथे उत्तम होते. मात्र हे कसब सीलबंद रोटॅक्सच्या उपयोगी पडत नाही. आयामे एक्स-३० आणि यामाहा केटी-१०० यांना ते उपयोगी पडू शकते, कारण त्यांच्या सिलिंडरला ओतीव लोखंडाचा लाइनर असतो. एक्स-३० चा मूळ बोअर ५४ मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५४ मिलिमीटर आहे. १२५ सीसीची मर्यादा ओलांडू नये म्हणून बोअर ५४.२८ मिलिमीटरपर्यंतच वाढवता येतो. म्हणजे मूळ मापापासून केवळ ०.२८ मिलिमीटरचे भांडवल असते. त्यातले किती खर्च झाले हे बोअर मोजल्यावर कळते, आणि मर्यादेच्या जवळ आलेला सिलिंडर किमतीत जवळपास शून्य धरावा.

इव्हो आणि त्याआधीचे मॅक्स यांत किमतीचा किती फरक मानावा?

सुमारे २०१५ पासून आलेल्या इव्हो इंजिनात इग्निशन, वायरिंग, कार्ब्युरेटर, क्लच आणि एक्झॉस्ट अशा अनेक गोष्टी बदलल्या आणि सीनिअर (मोठ्या वयाच्या चालकांच्या) वर्गातील एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक झाले. जुन्या इंजिनाला इव्होच्या पातळीवर आणता येते, पण त्यासाठी लागणाऱ्या भागांची बेरीज कागदावर मांडली की स्वस्त वाटणारे जुने इंजिन बहुधा स्वस्त राहत नाही. केवळ सरावासाठी हवे असेल, तर जुने मॅक्स आजही फार समाधान देणारे यंत्र आहे. स्पर्धेत उतरायचे असेल, तर त्या वर्षाच्या नियमपुस्तिकेत त्या इंजिनाला स्थान आहे का, हे आधी पाहावे आणि मगच भावाची गोष्ट काढावी.

मूल पुढच्या वर्गात गेल्यावर तेच इंजिन वापरता येईल का?

अंशतः. मायक्रो, मिनी, ज्युनिअर आणि सीनिअर या वर्गांतील इंजिनांचा तळाचा भाग मूलतः एकच आहे, पण ज्युनिअरच्या सिलिंडरला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नसतो आणि सीनिअरच्या असतो. त्यामुळे ज्युनिअरवरून सीनिअरला जाताना सिलिंडर आणि त्यासोबतचे भाग बदलावे लागतात, इंजिन पुन्हा सीलबंद करावे लागते. मायक्रोमधून मिनीत जाणे तुलनेने सोपे असते. वयाच्या टोकावर असलेल्या मुलासाठी इंजिन घेणाऱ्या पालकांनी पुढच्या वर्गाचा रूपांतर खर्च आजच्याच किमतीत मोजावा.

नियम बदलल्याने किंमत खरोखर एवढी कोसळते का?

कोसळते, आणि युरोपातला अनुभव त्याची साक्ष देतो. आंतरराष्ट्रीय कार्टिंगमध्ये २००७ मध्ये शंभर सीसीच्या थेट जोडणीच्या इंजिनांच्या जागी स्टार्टर आणि क्लच असलेला केएफ वर्ग आला. २०१६ मध्ये केएफही गेला आणि ओके वर्गाने त्याची जागा घेतली. दोन्ही वेळा कालपर्यंत जागतिक स्पर्धेत धावणारी महागडी इंजिने एका हंगामात संग्राहक आणि हौशी चालकांपुरती उरली. त्यांच्या यंत्रकामात काहीही खोट नव्हती, पण धावायला वर्ग उरला नव्हता. एका उत्पादकाच्या मालिकेत राहणारी रोटॅक्ससारखी इंजिने या बाबतीत अधिक स्थिर ठरली आहेत. त्यांची जुनी किंमत टिकण्याचे ते एक मोठे कारण आहे.

डायनोचा (इंजिनाची शक्ती मोजणाऱ्या यंत्राचा) कागद दाखवून जास्त किंमत मागितली तर?

सीनिअर मॅक्सची अधिकृत शक्ती सुमारे ३० अश्वशक्ती आहे आणि एकसारख्या दोन सीलबंद इंजिनांत थोडा फरक असतो, हे खरे आहे. मात्र दोन वेगळ्या डायनोंचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, कारण हवेचे तापमान, दाब आणि आकड्याला लावलेली दुरुस्ती प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. एकाच दिवशी, एकाच डायनोवर, एखाद्या ज्ञात इंजिनाशेजारी घेतलेला आलेख असेल तर त्याला थोडे मोल द्यावे. त्यातही कमाल शक्तीपेक्षा वळणातून बाहेर पडतानाच्या मधल्या आवर्तनांतला भाग पाहावा. शर्यत जिंकलेल्या इंजिनासाठी वेगळा भाव देऊ नये, कारण त्या विजयातला चालकाचा, टायरचा आणि चॅसिसच्या जुळणीचा वाटा विक्रीसोबत येत नाही.

पावसाळाभर पडून राहिलेले इंजिन घ्यावे का?

सावधपणे. टू-स्ट्रोक इंजिनाच्या क्रँककेसमध्ये तेलाचा साठा नसतो, फक्त पेट्रोलमधून आलेल्या तेलाचा पातळ थर असतो. कोकणात किंवा गोव्यात जून ते सप्टेंबर इंजिन उघड्या इनटेकने ठेवले, तर बेअरिंगच्या रोलरवर गंज धरतो आणि तो बाहेरून दिसत नाही. त्यात पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा ओढून घेते. साठवण्यापूर्वी कार्ब्युरेटर रिकामा केला होता का, आत तेल सोडले होते का आणि दोन्ही तोंडे बंद केली होती का, हे विचारावे. समाधानकारक उत्तर नसेल तर तळाचे ओव्हरहॉल धरूनच भाव करावा. रेडिएटर आणि हेडमध्ये साचलेला पांढरा क्षारही पाहावा, कारण स्पर्धेत शीतकासाठी साधे पाणीच वापरावे लागते आणि बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्यांच्या इंजिनात तो लवकर धरतो.

भाड्याच्या कार्टवरील होंडा इंजिनांना हेच निकष लागू होतात का?

फार थोडे. जीएक्स-२०० आणि जीएक्स-२७० ही फोर-स्ट्रोक कामाची इंजिने आहेत. त्यांचे सुटे भाग सहज मिळतात आणि पुनर्बांधणी स्वस्त असते. धूर, तेलाचा रंग आणि सुरू होण्यातली सहजता पाहून, नव्या इंजिनाच्या भावाशी तुलना करून निर्णय घ्यावा.

प्रत्यक्ष आकडेमोड कशी करावी?

समजा, आपल्या वर्गात चालणारे, नुकतेच ओव्हरहॉल केलेले आणि सर्व साहित्यासह असलेले तसेच इंजिन बाजारात १०० भागांना (इथे भाग म्हणजे रुपयांऐवजी धरलेले एकक) मिळते. संपूर्ण ओव्हरहॉलचा खर्च ४० भाग असून ते ५० तास टिकते असे धरू. समोरचे इंजिन ओव्हरहॉलनंतर ३० तास चालल्याचा पुरावा असेल, तर ४० पैकी २४ भाग वापरले गेले, म्हणून ७६ उरले. क्लच ड्रम झिजला आहे आणि कार्ट मिनिटाला सुमारे ४,००० आवर्तनांना नीट उचलत नाही, त्याचे ५ भाग वजा करावेत. रेडिएटर सोबत नाही, त्याचे १० वजा करावेत. ओळखपत्र हरवले आहे, म्हणून तपासणी आणि नव्या मोहरेचे ६ वजा करावेत. हाती ५५ भाग राहतात. तासांचा पुरावाच नसेल तर २४ ऐवजी पूर्ण ४० वजा होतील आणि तेच इंजिन ३९ भागांचे ठरेल. १०० भागांचा रुपयांतील आकडा मात्र प्रत्येकाने त्या हंगामातील तीन-चार प्रत्यक्ष व्यवहारांवरून काढावा, कारण आयात इंजिनाचा भाव युरोच्या दराबरोबर हलतो.

व्यवहार कोणत्या अटींवर पूर्ण करावा?

ठरलेल्या किमतीचा काही भाग आगाऊ द्यावा आणि उरलेली रक्कम अधिकृत सेवा केंद्राने इंजिन पाहून क्रमांक, मोहर आणि स्क्विश गॅप बरोबर असल्याचे सांगितल्यावर द्यावी. तपासणीचा खर्च खरेदीदाराने करावा. दोष निघाला तर तो विक्रेत्याने भरून द्यावा किंवा आगाऊ रक्कम परत करावी, असे दोघांनी सहीनिशी लिहून ठेवावे. मूळ खरेदीचे बिल, परदेशातून आणले असल्यास सीमाशुल्काचे कागद, ओळखपत्र, ओव्हरहॉलची बिले आणि सोबत मिळणाऱ्या प्रत्येक वस्तूची यादी त्याच दिवशी ताब्यात घ्यावी. कार्ब्युरेटर, एक्झॉस्ट, वायरिंग, बॅटरीची पेटी, रेडिएटर आणि इंजिन माउंट ही नावे यादीत वेगवेगळी लिहावीत, कारण "पूर्ण पॅकेज" या शब्दांत यांपैकी नेमके काय येते याविषयी दोन्ही बाजूंची समजूत पुष्कळदा वेगळी असते.